विजेचा धडा आणि न दिलेली कारणे

आपल्या देशात नैसर्गिक आपत्तींनी सर्वांत जास्त माणसे कशाने दगावतात, असा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. मुले पूर म्हणतील, भूकंप म्हणतील, उष्माघात म्हणतील. वीज हे उत्तर क्वचितच येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात नैसर्गिक कारणांनी ८,०६० मृत्यू झाले आणि त्यांतले २,८८७ वीज पडून झाले. पूर एका वेळी गावेच्या गावे बुडवतो, म्हणून तो लक्षात राहतो. वीज एकेकाला किंवा दोघा-तिघांना नेते आणि बातमी जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर येते. २५ जून २०२० सारखा एखादाच दिवस असा उगवतो की त्याची देशभर चर्चा होते. त्या एका दिवसात बिहारमध्ये ८० हून अधिक माणसे विजेने मेली. त्यांतली बरीचशी शेतात काम करणारी होती.

अशा विषयाकडे शाळेतला धडा कसा पाहतो, हे तपासावे म्हणून मी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे आठवीचे विज्ञानाचे पुस्तक पुन्हा काढले. हे पुस्तक २००८ साली आले आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ देशभर वापरले गेले. त्यातल्या नैसर्गिक घटनांवरच्या धड्यात वीज आणि भूकंप असे दोन विषय आहेत. खासगी प्रकाशनांची मार्गदर्शके, ग्रामपंचायतींतले फलक, पावसाळ्याच्या तोंडावर वृत्तपत्रांत येणाऱ्या चौकटी या सगळ्यांत विजेबद्दल जे लिहिलेले असते, ते या धड्याच्या शेवटी असलेल्या यादीशी इतके जुळते की एकाची परीक्षा घेतली तरी सर्वांची घेतल्यासारखे होते.

धड्यात चांगले पुष्कळ आहे. कागद अडकवायची टाचणी, अॅल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन पट्ट्या आणि मुरंब्याची रिकामी बाटली एवढ्यावर विद्युतदर्शी करायला सांगितला आहे आणि तो खरोखर चालतो. कोरड्या हवेत मात्र करावा. जुलैत पट्ट्या हलत नाहीत आणि मुलांचा विज्ञानावरचा विश्वास उडतो. घासलेल्या कांडीवरची ठिणगी आणि आकाशातली वीज ही एकाच जातीची आहेत, हे धडा नीट पोचवतो. ढगांत विद्युतभार वेगळे कसे होतात ते पूर्णपणे उलगडलेले नाही, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो. तरी जेवढे उलगडले आहे तेवढे सांगायला हरकत नव्हती. हवेचे झोत वर आणि पाण्याचे थेंब खाली, एवढ्यावर धडा थांबतो. खरे नाट्य बर्फाचे आहे. ढगाच्या शून्याखालच्या थरात गारेचे मऊसर कण आणि हलके हिमस्फटिक एकमेकांवर आपटतात. स्फटिक धनभार घेऊन वर जातात आणि जड कण ऋणभारासह मधल्या व खालच्या थरांत राहतात. वैशाखातल्या दुपारी, अंगाची लाही होत असताना, डोक्यावरच्या ढगात बर्फ घासले जात आहे, ही गोष्ट आठवीच्या मुलाला सांगावी आणि त्याचा चेहरा पाहावा.

माझा मुख्य आक्षेप सुरक्षिततेच्या यादीवर आहे. उघड्यावर सापडलात आणि आसरा नसेल तर जमिनीवर आडवे होऊ नका, उकिडवे बसा, हात गुडघ्यांवर आणि डोके हातांमध्ये घ्या, असे धडा सांगतो. कारण एकच देतो, की त्यामुळे आपण विजेसाठी सर्वांत लहान लक्ष्य ठरतो. आता वर्गातली एखादी चुणचुणीत मुलगी उठून विचारेल, “सर, झोपलेला माणूस उकिडव्या माणसापेक्षा बुटका असतो. मग झोपायला मनाई का?” धड्यात याचे उत्तर नाही. शिक्षकाला ते ठाऊक नसेल तर तो “पुस्तकात तसे लिहिले आहे” म्हणेल, आणि पुस्तकात लिहिलेल्या गोष्टी मुले परीक्षेपुरत्याच पाळतात. उत्तर नसण्याचे मूळ कारण असे की सगळी यादी एकाच चित्रावर बेतलेली आहे. वीज वरून येते, एका ठिकाणी पडते, ते ठिकाण आपण नसलो की सुटलो.

या चित्राला आपल्या भाषेचाही हातभार आहे. आपण वीज “पडते” म्हणतो. फळ पडावे, कौल पडावे, तशी. पडलेली वस्तू जिथे पडते तिथेच राहते. वीज मात्र जमिनीला टेकते तेव्हा तिचा प्रवास संपलेला नसतो. सरासरी ३०,००० अँपिअरचा प्रवाह त्या जागी जमिनीत शिरतो आणि चहूकडे पसरतो. विजेच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या वैद्यकांनी व हवामानशास्त्रज्ञांनी मांडलेल्या अंदाजानुसार थेट अंगावर वीज पडून होणारे मृत्यू अवघे ३ ते ५ टक्के आहेत. जवळपास निम्मे बळी जमिनीतून आलेल्या प्रवाहाचे असतात. उरलेल्यांत शेजारच्या झाडावरून अंगावर उडी घेणारी वीज मोठी, आणि त्याखेरीज तार, कुंपण, नळ अशा वस्तूंना हात लागून होणारे अपघात. ज्या प्रकाराने निम्मी माणसे मरतात, त्याचा धड्यात एका वाक्यानेही उल्लेख नाही.

हे समजावणे अवघड आहे अशातला भाग नाही. नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर करता येईल एवढेच गणित लागते. जमीन सगळीकडे सारखी आहे आणि प्रवाह पडल्या जागेपासून अर्धगोलाकार पसरतो, असे मानू. मग त्या जागेपासून काही अंतरावरचा विभव काढायला जमिनीची रोधकता गुणिले प्रवाह, भागिले अंतराची २π पट, एवढे पुरते. ओलसर मातीची रोधकता १०० ओहम-मीटर आणि प्रवाह ३०,००० अँपिअर धरला, तर १० मीटरवर सुमारे ४७,७०० व्होल्ट येतात आणि १०.५ मीटरवर सुमारे ४५,५००. एक पाय इथे आणि दुसरा तिथे टाकून उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांत जवळजवळ २,३०० व्होल्टचा फरक पडतो. पाय जुळवून, म्हणजे फार तर १० सेंटिमीटर अंतर ठेवून तो उभा असता, तर हा फरक पावणेपाचशेच्या आसपास राहिला असता. आडवा झालेला माणूस डोके एकीकडे व पाय दुसरीकडे करून दीड मीटर जागा व्यापतो. त्याच्या वाट्याला ६,२०० व्होल्ट येतात, आणि प्रवाहाच्या वाटेत छाती असते. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

हे झटके क्षणाच्या अगदी लहान अंशापुरते असतात, त्यामुळे घरच्या विजेच्या व्होल्टशी त्यांची सरळ तुलना करू नये. शिवाय खरी जमीन सारखी कधीच नसते. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर किंवा उघड्या कातळावर रोधकता मातीच्या दसपट आणि त्याहूनही जास्त निघते. आकडे त्याच पटीत वाढतात, आणि वीज जमिनीत मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून ठिणग्यांच्या रूपाने धावू लागते. गणित फक्त दिशा दाखवते.

तेवढ्या दिशेवरून एक जुने कोडेही सुटते. झाडाखाली माणूस आणि जनावरे एकत्र उभी असताना माणूस वाचतो आणि म्हैस मरते, असे गावात कोणी ना कोणी पाहिलेले असते. त्याचा अर्थ नशिबाशी लावतात, कधी म्हशीने मालकाचे संकट अंगावर घेतले असेही म्हणतात. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर असते, आणि प्रवाह एका टोकाकडून दुसरीकडे जाताना वाटेत हृदय येते. माणसाच्या एका पायातून शिरलेला प्रवाह दुसऱ्या पायातून निघून जातो, हृदय बहुधा बाजूला राहते. नॉर्वेतल्या हार्दांगरविद्दा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये ३२३ रेनडियर एकाच वादळात मेलेली सापडली. तीनशे जनावरांच्या अंगावर वेगवेगळ्या तीनशे विजा पडल्या नव्हत्या. वादळात ती एकमेकांना खेटून उभी होती आणि पायांखालची जमीन ओली होती. मेंढ्यांचा कळप घेऊन फिरणाऱ्या आपल्या धनगरांना हे प्राणी ठाऊक नसतील, पण गोष्ट सांगताच कळेल.

झाडांबद्दलची सूचनाही अशीच अर्धी. उघड्या शेतात झाडापासून दूर राहा, रानात असाल तर बुटक्या झाडांखाली आसरा घ्या, असे धडा सांगतो. पहिली सूचना योग्य आहे. दुसरीला कारणाची जोड नसल्यामुळे मूल तिचा सोयीस्कर अर्थ लावते, की बुटके झाड चालते. बांधावरची एकटी बाभूळ बुटकीच असते. पण आसपास तिच्याहून उंच काही नसेल तर तिथली सर्वांत उंच वस्तू तीच. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरते. ओले असले तरी लाकूड बेताचेच वाहक, म्हणून खोडावर हजारो नव्हे तर लाखो व्होल्टचा दाब तयार होतो. खोडाला टेकलेल्या किंवा एक-दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाचे शरीर त्याहून सोपी वाट देते आणि वीज तिकडे उडी मारते. पाऊस लागू नये म्हणून माणूस झाडाच्या बुंध्याशी जातो. अपघाताची सर्वांत वाईट जागा नेमकी तीच. बांगलादेशात २०१७ च्या सुमारास विजेपासून बचावासाठी लाखो ताडाची रोपे लावण्याची मोहीम निघाली. ताड वाढायला वर्षानुवर्षे लागतात हे सोडून दिले, तरी वाढलेल्या ताडाखाली उभे राहू नये हे कोणी शिकवायचे, हा प्रश्न उरतोच.

धातूची भीती हा यादीतला सर्वांत लोकप्रिय भाग. छत्री नको, विळा टाकून द्या, अंगावरचे दागिने काढा. छत्रीबद्दल धडा बरोबर सांगतो, पण कारण न दिल्यामुळे सारा दोष छत्रीच्या धातूच्या काडीकडे जातो. विजेची वाट ढगातून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते. एकेक पायरी साधारण ५० मीटरची असते. जमिनीपासून शंभरेक मीटरवर येईपर्यंत खाली काय आहे याचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. त्यानंतर जमिनीवरच्या उंच वस्तूंच्या टोकांतून वर झेपावणाऱ्या ठिणग्यांपैकी एक तिला गाठते, आणि मग तो लखलखाट होतो. या शेवटच्या टप्प्यात महत्त्व उंचीला आणि एकटेपणाला आहे. छत्री उघडली की माणूस दोन-अडीच फूट उंच होतो. काडी वेताची असली तरी धोका जवळपास तेवढाच. गळ्यातले मंगळसूत्र किंवा कमरेची किल्ली ढगातल्या विजेला दिसत नाही. प्रवाह अंगावरून गेलाच तर त्या जागी चटका मात्र बसतो, आणि मृताच्या अंगावरचे ते डाग पाहून लोक म्हणतात की दागिन्यानेच वीज ओढली. आपल्याकडे पायाळू माणसावर वीज पडते असा समज आहे. तो अंधश्रद्धा म्हणून आपण हसण्यावारी नेतो. अंगठी वीज ओढते हा समज विज्ञानाच्या भाषेत बोलतो, म्हणून शाळेच्या भिंतीवर सुखाने राहतो.

धातूची ही भीती नको तिथे आड येते. बंद मोटारीत व बसमध्ये आपण सुरक्षित असतो, हे धडा सांगतो, पण का ते सांगत नाही. प्रशिक्षणाच्या वर्गात मी हे कारण विचारतो तेव्हा दहातले आठ शिक्षक रबरी टायर म्हणतात. जी ठिणगी कित्येक किलोमीटर हवा फोडून आली, तिला वीतभर रबर काय अडवणार? माणूस वाचतो तो धातूच्या टपामुळे. प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून वाहतो आणि चाकांपाशी जमिनीकडे उडी घेतो. आतला माणूस फॅरडेच्या पिंजऱ्यात असतो. टायरचे कारण खरे मानले तर मोटारसायकल आणि ट्रॅक्टरही सुरक्षित ठरतात, आणि धडा तर ती वाहने असुरक्षित म्हणून बजावतो. दोन सूचना एकमेकींशी भांडत आहेत हे मुलांच्या लक्षात यायला हवे होते. रस्त्यात उभी असलेली एसटीची बस हा ग्रामीण भागातला फार चांगला आसरा आहे. तो ओळखायचा तर पत्र्याची भीती आधी जायला हवी.

मात्र पत्रा म्हटला की सगळेच पिंजरे होत नाहीत. चार लाकडी खांबांवरचे पत्र्याचे छप्पर, बाजू उघड्या, असा गोठा किंवा खळ्यावरची शेड वाचवत नाही. वीज छपरावर आली तर खांबांवरून किंवा थेट आतल्या माणसाच्या डोक्यावरून उतरायला तिला काही अडचण नसते. आपल्या कित्येक शाळांचे व्हरांडे आणि पोषण आहाराच्या स्वयंपाकाच्या जागा याच घाटाच्या आहेत. धड्यात बागेतल्या निवाऱ्यांचा उल्लेख आहे, गोठ्याचा नाही.

इथे यादीचे मूळ गाव उघडे पडते. आंघोळ करू नका, तारेच्या दूरध्वनीवर बोलू नका, संगणकाची पिन काढा. घराघरांत धातूचे नळ आणि दूरध्वनीच्या तारा असलेल्या देशांत हे सल्ले प्रथम लिहिले गेले. काही फलकांवर मी गोल्फच्या काठ्या दूर ठेवण्याचाही सल्ला वाचला आहे. तो ज्या तालुक्यात लावला होता तिथे गोल्फ खेळणारा माणूस सापडणे कठीण. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण भात लावणाऱ्या, सोयाबीन काढणाऱ्या, गुरे राखणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. त्याला हवे असलेले सल्ले वेगळे आहेत. वीज कुंपणाच्या एका टोकाला पडली तर तारेतून दूरवर जाते, म्हणून कुंपणाला टेकू नये. गडगडाट सुरू असताना विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नये. चिखलात ओळीने वाकून काम करणाऱ्या बायकांनी एका जागी जमू नये, पांगावे, म्हणजे एकाच विजेने सगळ्या जाणार नाहीत आणि ज्या वाचतील त्या इतरांना मदत करू शकतील. यांपैकी काहीच धड्यात नाही, फलकावरही नाही.

आणि आता उकिडवे बसण्याच्या त्या प्रसिद्ध आसनाविषयी. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने २००८ सालीच हा सल्ला देणे थांबवले. त्याने होणारा बचाव नगण्य आहे, आणि त्याच्या भरवशावर लोक उघड्यावर थांबून राहतात, हे कारण. योगायोग असा की आपले पुस्तक त्याच वर्षी तो सल्ला घेऊन आले. आसन अगदी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पाय जुळवण्याचा फायदा वर आकड्यांत दिसलाच आहे. पण मुले शाळेत हे आसन करून दाखवतात, त्याची छायाचित्रे निघतात, आणि विजेपासून वाचायची विद्या म्हणजे हे आसन असा समज पक्का होतो. आसन करायची वेळ आली, म्हणजे निर्णय अर्ध्या तासापूर्वीच चुकला होता.

तो निर्णय कसा घ्यायचा याचे साधन मात्र धड्यात आहे, फक्त त्याला एका वाक्याची जागा मिळाली आहे. गडगडाट ऐकू आला की आसऱ्याला जा, शेवटच्या गडगडाटानंतर काही वेळ थांबा. हा “काही वेळ” म्हणजे किती? जगभर ३० मिनिटे धरतात. एवढा मोठा आकडा का, हेही समजावता येते. वीज ढगाच्या पायथ्यापासून आडवी दहा-बारा किलोमीटर जाऊन निरभ्र आकाशाखाली पडू शकते, आणि बरेच अपघात पाऊस सुरू होण्याआधी किंवा तो ओसरल्यावर, लोक पुन्हा कामाला लागल्यावर होतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे लखलखाटानंतर तीन सेकंदांनी आवाज आला तर वीज एक किलोमीटरवर होती. आवाजाच्या धड्यात मुलांनी ही उदाहरणे सोडवलेली असतात. तीस सेकंद मोजले तर दहा किलोमीटर होतात, आणि तेवढ्या अंतरावरच्या ढगाची पुढची वीज आपल्या बांधावर पडू शकते. वैशाखात किंवा परतीच्या पावसात, शाळेच्या खिडकीतून, घड्याळ हातात घेऊन हा प्रयोग होतो. ढग येतो आहे की जातो आहे, हे पाच-सहा विजांचे सेकंद मांडून मुले स्वतः ठरवू शकतात. उपकरणांचा खर्च शून्य. धड्याने विद्युतदर्शीला जेवढी पाने दिली त्याच्या निम्मी जागा याला दिली असती तर बरे झाले असते.

विजेच्या बहुतेक धड्यांत फ्रँकलिन आणि त्याचा पतंग येतोच. पुष्कळ पुस्तकांतल्या चित्रांत वीज थेट पतंगावर उतरलेली दाखवतात आणि खाली फ्रँकलिन हसतमुख उभा असतो. १७५२ सालच्या त्या प्रयोगात पतंगावर वीज पडली नव्हती. वादळी ढगाखालच्या हवेतला विद्युतभार ओल्या दोरीवाटे खाली आला आणि दोरीच्या टोकाच्या किल्लीतून ठिणगी मिळाली, इतकेच. वीज पडली असती तर काय झाले असते, हे पुढच्याच वर्षी दिसले. सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिखमान हा भौतिकशास्त्रज्ञ घराच्या छपरावरून आणलेल्या दांड्यापाशी वादळात मोजमाप करत असताना मेला. फ्रँकलिनच्या शेजारी रिखमानचे नाव छापणारे शालेय पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

तडितरक्षकाबद्दलही असाच एक अर्धसत्य समज चालत आला आहे, की त्याचे टोक ढगातला विद्युतभार हळूहळू शोषून घेते आणि वीज पडूच देत नाही. खुद्द फ्रँकलिनला सुरुवातीला तशी आशा होती. प्रत्यक्षात दांडा वीज टाळत नाही, ती स्वतःवर घेतो आणि जाड पट्टीतून जमिनीत पोचवतो. टोक टोकदारच हवे हा आग्रहही सैल झाला आहे. न्यू मेक्सिकोत चार्ल्स मूर आणि सहकाऱ्यांनी सात वर्षे डोंगरावर टोकदार आणि बोथट दांडे शेजारी-शेजारी उभे करून पाहिले. त्या काळात १२ बोथट दांड्यांवर विजा पडल्या, टोकदार दांड्यांवर एकही नाही. शिक्षकांच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट निराळीच आहे. इमारतीवरचा तडितरक्षक इमारतीचे आणि तिच्या लगतच्या थोड्या जागेचे रक्षण करतो. समोरच्या मैदानाचे करत नाही. “आमच्या शाळेवर वीजरोधक बसवला आहे” म्हणून गडगडाटात सामना चालू ठेवणारे क्रीडाशिक्षक मी पाहिले आहेत.

धड्यातली सर्वांत मोठी उणीव मी शेवटी ठेवली आहे. वीज लागलेल्या माणसाचे काय करायचे, याबद्दल तिथे एक अक्षरही नाही. ही जागा रिकामी राहिली की समज ती भरून काढतात. वीज लागलेल्याला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो, म्हणून लोक दूर उभे राहतात. छत्तीसगड-झारखंडकडच्या काही भागांत त्याला मानेपर्यंत शेणात पुरून ठेवतात, म्हणजे अंगातली वीज उतरते. अंगात वीज राहत नाही. प्रवाह सेकंदाच्या अंशात निघून गेलेला असतो आणि त्या माणसाला लगेच हात लावता येतो. बहुतेक बळी हृदय किंवा श्वास थांबल्याने मरतात. हृदय कधीकधी आपण होऊन पुन्हा सुरू होते, पण श्वासाचे केंद्र बधिर राहते आणि प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबते. त्या काही मिनिटांत कोणी छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० दाब दिले, मधूनमधून तोंडाने श्वास भरला आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली, तर निपचित पडलेला माणूस परत येऊ शकतो. म्हणूनच विजेच्या अपघातात वैद्यकातला नेहमीचा क्रम उलटा होतो. जे कण्हत आहेत ते बहुधा वाचणार असतात, जे मेल्यासारखे दिसतात त्यांच्याकडे आधी धावायचे. आठवी-नववीच्या मुलामुलींना हे दाब उशीवर शिकवता येतात. शेणात पुरण्यात जातो तो वेळ नेमका हाच.

आता निदान पूर्वसूचनेच्या बाजूने परिस्थिती सुधारली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विजांची ठिकाणे टिपणाऱ्या यंत्रांचे जाळे उभारले आणि त्यावर आधारलेले “दामिनी” हे मोबाइलवरचे साधन लोकांना उपलब्ध करून दिले. आपल्याभोवती २० ते ४० किलोमीटरच्या टापूत विजा चमकत असतील तर ते कळवते. शेतावरच्या माणसाला त्यामुळे अर्धा-पाऊण तास मिळू शकतो, आणि वर म्हटलेला निर्णय घ्यायला तेवढा पुरतो.

पण इथे धातूची भीती पुन्हा वाटेत येते. जयपूरजवळच्या आमेर किल्ल्याशेजारच्या टेहळणी मनोऱ्यावर ११ जुलै २०२१ रोजी वीज पडून ११ जण गेले. त्यांतले काही जण छायाचित्रे काढत होते, एवढ्यावरून मोबाइलने वीज ओढली अशी चर्चा सुरू झाली. वादळात डोंगरावरच्या मनोऱ्याच्या माथ्यावर उभे राहणे पुरेसे होते. हातात मोबाइल होता की ताम्हण, याने काही फरक पडला नसता. आठवीच्या पुस्तकाने या बाबतीत मोबाइल तुलनेने सुरक्षित असल्याचे स्पष्ट सांगितले होते, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. फलक लिहिणाऱ्यांनी ते वाचलेले नाही. गेल्या पावसाळ्याआधी एका शाळेच्या व्हरांड्यात मी दोन कागद शेजारी-शेजारी चिकटवलेले पाहिले. एकात विजांची सूचना मिळावी म्हणून दामिनी मोबाइलवर घ्यायला सांगितले होते. दुसऱ्यात, आकाशात वीज चमकू लागताच मोबाइल बंद करावा, असे ठळक अक्षरांत छापले होते. मुख्याध्यापकांना विसंगती दाखवली तेव्हा दुसरा कागद काढायला ते तयार होते. फक्त तो कोणत्या खात्याकडून आला आणि काढायला कोणाची परवानगी लागेल, हे त्यांना बघावे लागणार होते.